विभूतीची तिसरी रेघ

लॅपटॉप सुरू करायची जगाची रीत सोपी आहे. बटण दाबायचं आणि कामाला लागायचं. रुद्राणीच्या घरातली रीत जरा लांबलचक होती. तिची आई शिवकन्या आधी बटण दाबायची, मग उठून डाळ धुवायची, कुकर लावायची, कोथिंबीर निवडायची. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की पदराला हात पुसत परत यायची, तेव्हा कुठं लॅपटॉपनं डोळे किलकिले केलेले असायचे. रुद्राणीची आज्जी नागम्मा तर सगळ्या गल्लीत सांगत सुटायची, "आमच्या घरी डाळ शिजली का बघायला कुकर उघडावा लागत न्हाई. हा डबा उठला म्हंजी डाळ शिजली."

हा डबा आईच्या माहेरचा. नांदेडच्या सोमेशमामानं एका भाऊबीजेला तो ओवाळणीच्या ताटात ठेवला होता. "साडी काय ताई, नेसली की फाटती. हे घे, शिक काहीतरी." लॅपटॉप मामाचा वापरलेलाच होता, पण आईनं तो अंगठीसारखा जपला. व्हिडिओ बघून बघून, रोट्या लाटता लाटता, ती फ्लेक्स डिझाइन करायला शिकली. आता अहमदपुरातल्या अमरनाथच्या फ्लेक्सच्या दुकानातली निम्मी डिझाइनं आईच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून जायची. छापायचं मशीन अमरनाथचं, कला आईची. गावातल्या चौकात वाऱ्यावर फडफडणारा फ्लेक्स दिसला की रुद्राणी मैत्रिणींना कोपरानं ढोसून सांगायची, "हे आमच्या आईनं केलेलं. आणि हे पण. ते बाजूचं भंगार आमचं न्हाई, ते दुसऱ्याचं."

आता आपल्याकडचा वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे काय असतं, हे काही सांगायला नको. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, आणि खाली-वर-डावी-उजवीकडं शुभेच्छुकांची डोकी. एकेक डोकं मोबाइलवरच्या फोटोतून कापून घ्यायचं, त्याच्यामागचं झाड, म्हैस, मोटारसायकल पुसायची, गालावर थोडा उजेड टाकायचा आणि ओळीत बसवायचं. कुणाचं डोकं लहान झालं तर रुसवा, कुणाचं सुटलं तर थेट भांडण. आणि आईच्या लॅपटॉपची खोड अशी, की तिसाच्या वर डोकी गेली की तो गप्पगार. पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं, आई कपाळाला हात लावून बसायची.

अप्पा, म्हणजे रुद्राणीचे वडील, मोंढ्यात धान्याच्या आडत दुकानावर कामाला. ते एकदा म्हणाले, "देऊन टाकू की हा बदलीत. नवा घेऊ."

आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की अप्पा ताटातली भाकरी मोडता मोडता थांबले. "भाऊबीजेची वस्तू कुणी बदलीत देतं का?" एवढंच ती म्हणाली. विषय संपला.

तर अशा घरात एक दिवस कलेक्टरच्या वाढदिवसाचं काम आलं.

कलेक्टर हा लक्ष्मणरावांचा बैल. कंधारच्या वाटेवर त्यांचं गाव. जातिवंत लाल कंधारी, अंगावर तांब्यासारखी चकाकी, शिंगं अशी की जणू सुतारानं मापानं घडवली. गावात कुणी म्हणालं "कलेक्टर आलेत", तर लोक आधी विचारायचे, "कोणते? दोन पायांचे का चार?" सोमवारी त्याचा वाढदिवस होता, आणि लक्ष्मणरावांना वेशीवर भलाथोरला फ्लेक्स लावायचा होता. त्यांनी आईच्या मोबाइलवर फोटोंचा पाऊस पाडला आणि शेवटी बोलून एक निरोप टाकला. तो रुद्राणीनं इतक्या वेळा ऐकला की तिला पाठच झाला:

"ताई, नमस्कार. सगळ्या गावाची डोकी पाठवली हायेत. आमच्या वाड्या-वस्तीवरचं एकबी माणूस सुटलं न्हाई पाह्यजे. सुटलं की ते येऊन माझ्याच दारात बसंल. बैलाचा वाढदिवस हाय, भांडणाचा न्हाई. येवढं बघा."

आईनं गुरुवारी काम हातात घेतलं. एकतिसावं डोकं बसवलं आणि चक्र फिरायला लागलं. बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा एकतिसावं डोकं, पुन्हा चक्र. तेवढ्यात अमरनाथचा फोन. स्पीकर चालू होता, म्हणून रुद्राणीला सगळं ऐकू आलं.

"वहिनी, राग मानू नका. तुमच्या हाताला तोड न्हाई. पण फाईल येती कधी? गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसतंय. मी आता दुकानातच एक पोरगा बसवावा म्हणून राहिलोय. रविवारी चार वाजेपर्यंत लक्ष्मणरावांचा फ्लेक्स आला तर बघू. न्हाई आला, तर मग तुम्हीच मला माफ करा."

आईनं फोन ठेवला. लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं, त्यावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "राहू दे. शेजारच्या काकू कधीच्या म्हणून राहिल्यात, ब्लाऊज शिवायला घे म्हणून."

ती अगदी सहज म्हणाली. पण रुद्राणीला माहीत होतं, आईला शिलाई जिवावर येते. सुईत दोरा ओवताना आईच्या तोंडावर जी कळा येते ती रुद्राणीच्या तोंडावर गणिताच्या पेपरला येते. आणि फ्लेक्सवर एखाद्या म्हाताऱ्याचं पांढरं डोकं नीट बसलं की हीच आई एकटीच हसते. ते हसू जाणार, हे रुद्राणीला काही सहन झालं नाही.

रुद्राणी नववी संपवून दहावीत चाललेली. जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगला तिनं पहिल्यांदाच सूत्रसंचालन केलं होतं. आधी दोनदा नाव चुकलं, मग असा काही सूर लागला की मुख्याध्यापकांना हातानं खूण करून तिला थांबवावं लागलं. तेव्हापासून तिची खात्री झाली होती की जगात आपल्याला न जमणाऱ्या गोष्टी दोनच: पोहणं आणि गप्प बसणं. तिनं तिथल्या तिथं सोमेशमामाला फोन लावला.

"मामा, आईचा लॅपटॉप मरून राहिलाय. तुझाच आहे, तूच सांग काय करायचं."

मामा नांदेडला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होता. त्याला समजावून सांगायचा फार सोस. "हे बघ रुद्रा, पंगत डोळ्यापुढं आण. रॅम म्हणजे पंगतीला बसायची जागा. तुमच्या मांडवात तीस पानं मावतात. एकतिसावा पाव्हणा आला की तो दारात उभा. आणि आतली ती जुनी हार्ड डिस्क म्हणजे कोठी आणि म्हातारा वाढपी, दोन्ही एकच. भात मागितला की आत जाणार, दम खाणार, मग आणणार. तोवर लोकांची पानं वाळली. कळलं?"

"मग मांडव मोठा करायचा."

"शाबास! रॅम वाढवायची, आणि म्हाताऱ्याला विश्रांती देऊन एसएसडी बसवायची. एसएसडी म्हणजे बादली घेऊन पळणारी पोरं. एका हाकेत भात. दोन्ही मी पाठवतो. पण बसवणार कोण? मला सुट्टी न्हाई, आणि रविवारी नायगावला लग्न."

"मी," रुद्राणी म्हणाली.

मामाचा पहिला प्रश्न आला: "ताईला विचारलंस?"

"विचारते," रुद्राणी म्हणाली, आणि विचारण्याऐवजी जाऊन सांगितलं. आईनं नको, नको, मोडलं तर काय करायचं असं सगळं म्हणून घेतलं. मग शेवटी ती म्हणाली, "तसंबी बंदच पडलाय. कर काय करायचं ते. पण रुद्रा, तो तेवढा एकच आहे बघ माझ्याकडं."

हे शेवटचं वाक्य रुद्राणीच्या डोक्यातून जाईना.

शुक्रवारी मामानं ओळखीच्या कंडक्टरच्या हाती नांदेड-लातूर गाडीतून डबा पाठवला. रुद्राणी बसस्टँडवर जाऊन गाडीची वाट बघत उभी. कंडक्टरनं खिडकीतूनच विचारलं, "सोमेशची भाची तूच का? घे. मामानं सांगितलंय, अंड्यासारखं ने." डब्यात एसएसडी, ती लॅपटॉपला बाहेरून जोडायची वायर, एक बारकासा पेचकस आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत रॅमची पट्टी. बोटाएवढी रुंद, हिरवी, आणि एका कडेला सोनेरी दातांची रांग.

शनिवार सगळा जुन्या डिस्कवरचं सामान नव्या एसएसडीवर उतरवण्यात गेला. मामा फोनवरून सांगत होता, रुद्राणी करत होती, आणि आई पडद्यावरची ती सरकणारी पट्टी बघत बसली होती, दुधावर नजर ठेवावी तशी. कुणी जवळून जोरात गेलं तरी तिला चालेना. अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन आले तर तिनं त्यांना अंगणातून वळसा घालून जायला लावलं.

रॅमची डबी मात्र अजून तशीच होती. ती कुठं ठेवायची? टेबलावर ठेवली तर सांडलंवंडलं, कपाटात ठेवली तर अप्पांच्या कागदांखाली दबायची. रुद्राणीनं फार विचार केला आणि घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी, देवाच्या कोनाड्यात, ती नेऊन ठेवली. तिथं आज्जीशिवाय कुणाचा हात जात नाही.

या हुशारीवर ती स्वतःच खूश होऊन झोपली.

रविवारी सकाळी रुद्राणीनं स्वयंपाकघराला ऑपरेशनच्या खोलीचं रूप दिलं. ओट्याजवळ सतरंजी, त्यावर पांढरी चादर. मिसळणाचा डबा रिकामा करून त्याच्या वाट्या स्क्रूंसाठी मांडल्या. वरच्या बाजूचे स्क्रू हळदीच्या वाटीत, खालचे मोहरीच्या, मधला लांबडा जिऱ्याच्या. मामानं बजावलं होतं की अंगात वीज साठलेली असते, ती रॅमला लागली तर रॅम जाते, म्हणून आधी लोखंडाच्या नळाला हात लावायचा. रुद्राणीनं तो नियम सगळ्या घराला लावला.

"आज्जी, नळाला हात लावून ये."

"मी काय करणार हाय तिथं? मी नुसती बघती."

"नुसतं बघायचं असलं तरी."

आज्जी कौतुकानं नळाला हात लावून आली. "चांगलं हाय की गं हे. पूजेआधी हात धुतो तसं. ह्या तुझ्या रॅमला सोवळं लई!"

रुद्राणीनं लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली, एकेक स्क्रू काढला. अप्पांचं बाद झालेलं एटीएम कार्ड फटीत घालून मागचं झाकण हळूहळू उचकटलं. टक् टक् करत ते सुटलं, आणि आईनं डोळे मिटून घेतले. आत पंख्याला धुळीची गोधडी चिकटलेली. जुनी डिस्क काढली, एसएसडी बसवली. जुनी रॅम दोन बाजूंच्या चिमट्यांतून सुटून अशी टुणकन वर आली, जणू तिलाही कंटाळाच आला होता. मग नवी पट्टी. डबी उघडली, लेबलाची बाजू वर धरली, तिरकी सरकवली, अलगद दाबली. टक्! चिमटे बसले.

"झालं!" रुद्राणी ओरडली. "बघितलंस आई? उगंच घाबरून राहिली होतीस."

झाकण, स्क्रू, बॅटरी. आईनं स्वतःच्या हातानं बटण दाबावं असा तिनं आग्रह धरला. आईनं दाबलं.

पडदा काळा. आणि आतून आवाज आला: टूं... टूं... टूं.

पुन्हा दाबलं. टूं... टूं... टूं.

"हे काय म्हणून राहिलंय?" आज्जीनं विचारलं.

रुद्राणीचं गॅदरिंगचं सगळं अवसान गळालं. तिनं मामाला फोन लावला. पलीकडं बँड, ताशा, आणि कुणीतरी कानाशी शिट्टी मारत होतं. "मामा, टूं टूं करतंय!" "काय करतंय? थांब, वरात आली, मी तुला लगेच..." फोन कटला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

घाबरायचं नाही, असं स्वतःलाच सांगत तिनं पुन्हा सगळे स्क्रू काढले. नवी रॅम काढून जुनी बसवली. जुनी तर चालत होती ना? काल तर चालत होती. बटण दाबलं. टूं... टूं... टूं.

आता जुनीसुद्धा चालेना.

 आई नुसती मांडीवर हात ठेवून बसली आणि लॅपटॉपकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं रुद्राणीला वाटलं. "तो तेवढा एकच आहे बघ माझ्याकडं." ते वाक्य तिला पुन्हा आठवलं. तिनं डोळे पुसायला मान फिरवली, नवी रॅम पुन्हा उचलली आणि पहिल्यांदाच तिची मागची बाजू नीट बघितली.

मागच्या बाजूला तीन पांढऱ्या रेघा होत्या. आडव्या. सरळ. एकाखाली एक.

घरात असल्या रेघा एकाच माणसाच्या हातच्या असतात. रुद्राणीनं आज्जीच्या कपाळाकडं बघितलं, मग पट्टीकडं.

"आज्जी! ही विभूती?"

"हाव," आज्जी सरळ म्हणाली. "मीच लावली पहाटे. नवी वस्तू घरात आली, तू देवापुढं आणून ठेवलीस, मग लावायची न्हाई का? डबी उघडून लावली. वरनं लावून काय उपेग, आत पोचाय नको?"

"अगं पण देवापुढं मी पूजेला न्हाई ठेवली! कुणाचा हात लागू नये म्हणून ठेवली!"

"देवापुढं पूजेला न्हाई तर मग काय लपवायला ठेवत्यात?"

रुद्राणी ओरडली. "केलंस ना सगळं खराब! आता आईचं काम जाईल, आणि ते तुझ्यामुळं!"

आज्जीचा हात कपाळाकडं गेला आणि तिथंच राहिला. "ब्याड, ब्याड," ती पुटपुटली. घाबरली की आज्जीच्या तोंडून बिदरकडचं तिच्या माहेरचं कन्नड येतं. "नको गं, असं नको म्हणू. मी तर बरं व्हावं म्हणून..."

आईनं तिला अडवलं. "रुद्रा. आज्जीशी नीट बोल. काय झालंय ते आधी बघ."

रुद्राणीनं खाली मान घातली आणि खरंच बघितलं. पट्टी होती बोटाएवढी रुंद. आज्जीची तीन बोटं तिच्यावर मावली नव्हती. वरच्या दोन रेघा काळ्या चौकोनांवर होत्या, आणि तिसरी थेट सोनेरी दातांवर गेली होती. विभूती ओली करून लावतात. ती दातांवरच वाळून घट्ट पांढरा थर झाला होता. मोबाइलचा टॉर्च पट्टी बसायच्या खाचेत मारला तर तिथंही पांढरी भुकटी. नव्या पट्टीनं ती आत नेऊन पसरवली होती, म्हणून जुनीचा बोऱ्या वाजला होता. दात आणि खाच एकमेकांना भेटतच नव्हते!

काही मेलं नव्हतं. नुसतं मध्ये काहीतरी आलं होतं.

"आई, हे निघेल!" ती उठली आणि दप्तराकडं धावली. पाणी लावायचं नाही हे तिला कळत होतं, आणि चाकूनं खरवडलं तर सोनं निघून जाईल. दप्तरात कंपासपेटी, कंपासपेटीत खोडरबर. भूमितीच्या चुका पुसून पुसून एका बाजूनं गोल झालेला. तिनं वाळलेल्या रेघेवर तो अलगद फिरवून बघितला. एक दात लखलखला.

"निघतंय! आज्जी, बघ, निघतंय!"

आज्जी दारापाशी उभी होती. ती पुढं आली, मध्येच थांबली, वळून नळाला हात लावून आली, आणि सतरंजीवर बसत तिनं हात पुढं केला. "आण इकडं. माझ्या हातानं लागली, माझ्याच हातानं निघंल."

 रुद्राणीनं पट्टी आज्जीच्या हातात दिली. "कडेला धर. दातांना बोट न्हाई लावायचं."

आज्जी रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करते, तेव्हा ते ज्या हलक्या बोटांनी पुसते, त्याच बोटांनी तिनं खोडरबर फिरवला. घाई नाही, जोर नाही. तोंडानं शिवा शिवा चाललेलं. इकडं रुद्राणीनं अप्पांचा दाढीचा कोरडा ब्रश पळवून आणला आणि खाच झाडायला घेतली. आई टॉर्च धरून उभी. ब्रशचे केस खाचेत घालायचे, झटकायचे, फुंकर मारायची. फुंकर तोंडानं मारू नको, थुंकी उडेल, असं आई म्हणाली, आणि तिनं सायकलचा पंप आणला. पंपाच्या पहिल्याच झटक्याला पंख्यावरची धुळीची गोधडी उडून थेट आज्जीच्या तोंडावर बसली.

"अय्यो! मलाच साफ करून राहिलीस का काय?"

आई हसली. गुरुवारपासून पहिल्यांदा. मग रुद्राणी हसली, आणि हसता हसताच तिनं आज्जीच्या गालावरची धूळ ओढणीनं पुसली. "आज्जी, मघाशी मी ओरडले ते..."

"माहीत हाय. रॅम बघ आधी."

दात असे चकचकले की पट्टी नवी नसून दागिना वाटावी. पुन्हा तिरकी, पुन्हा अलगद, टक्. झाकण. हळदीच्या वाटीतले स्क्रू, मोहरीच्या, जिऱ्याचा लांबडा. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही.

"दाब, आई."

आईनं बटण दाबलं. आणि मग, सवय कुठं जाते, ती उठलीच. डाळ धुवायला घेतली. पाणी ओतून तिनं ती कुकरात ठेवली, झाकण हातात घेतलं, तोवर मागून टुण्ण आवाज आला. लॅपटॉप जागा झाला होता. नुसता जागा नाही, आंघोळ करून, भांग पाडून बसावं तसा टवटवीत.

"एवढ्यात?" आई म्हणाली. "बंद पडला का?"

"चालू झाला!"

आईनं झाकण तसंच कुकरावर टेकवलं आणि ती धावत आली. तिनं कलेक्टरची फाईल उघडली. उघडलीसुद्धा. एकतिसावं डोकं उचललं, बसवलं. चक्र आलं नाही. बत्तिसावं. चाळिसावं. रुद्राणी मोबाइलवरचे फोटो पाठवत होती, आई कापत होती, बसवत होती, आणि आज्जी मागून एकेकाला ओळखत होती. "हा लग्नात भेटलेला दिसतोय. ह्याच्या मिशा जरा खाली कर, लई माजोरा दिसतोय." मांडव मोठा झाला होता. सगळं गाव पंगतीला बसत होतं आणि कुणीच दारात उभं नव्हतं.

तीनच्या सुमाराला दारात मोटारसायकल वाजली. लक्ष्मणराव स्वतः आले होते. गोरेपान, डोक्याला पांढरा रुमाल, तोंडावर काळजी. "ताई, मला अमरनाथनं सांगितलं, फाईल अजून आली न्हाई म्हणून. म्हटलं जाऊन बघावं. आमच्या कलेक्टरच्या इज्जतीची गोष्ट हाय."

आईनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. लक्ष्मणराव वाकून बघायला लागले. एकेका डोक्यावर बोट ठेवत, तोंडातल्या तोंडात नावं घेत ते ओळींमागून ओळी तपासत गेले. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले आणि त्यांचा चेहरा पडला.

"लक्ष्मी राहिली."

"कोण लक्ष्मी? फोटो पाठवला होता का?" आईनं विचारलं.

"न्हाई. माझीच चूक. लक्ष्मी म्हंजी कलेक्टरची आई. आमची गाय. पोराच्या वाढदिवसाला आईच न्हाई म्हटल्यावर कसं?"

महिन्यापूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर आई आत जाऊन रडली असती. आता तिनं हात पुढं केला. "द्या फोटो." लक्ष्मणरावांचा चहा गार व्हायच्या आत लक्ष्मी गाय पहिल्या ओळीत, सरपंचांच्या शेजारी जाऊन बसली. लक्ष्मणरावांनी रुमालानं डोळे टिपले. गाईला अशी मानाची जागा मिळालेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

आज्जी मात्र मान वाकडी करून बैलाकडं बघत होती. "सगळं खरं. पण ह्याचं कपाळ मोकळं दिसतंय."

 रुद्राणीनं आईकडं बघितलं, आईनं रुद्राणीकडं.

"विभूती लावू का त्याला?" आईनं लक्ष्मणरावांना विचारलं. "चालंल का?"

"लावा की! महादेवाचा नंदी तो. विचारता काय?"

आईनं माऊस आज्जीच्या हाताखाली दिला आणि वर स्वतःचा हात ठेवला. दोघींनी मिळून पहिली रेघ ओढली. दुसरी ओढली. तिसरी ओढली. कलेक्टरचं कपाळ भलं रुंद होतं. तिन्ही रेघा मावल्या आणि वर जागाही उरली.

"आज्जी, आता लाव पाह्यजे तेवढी," रुद्राणी म्हणाली.

चारच्या आत फाईल गेली. थोड्या वेळानं अमरनाथचा फोन आला. "वहिनी, हे काय केलंत? अशी जंगी फाईल मी आजवर पाह्यली न्हाई. ते पोरगा बसवायचं मनात आणू नका, विसरा. उद्यापास्नं लग्नाच्या पत्रिकाबी तुमच्याकडंच."

"बघते," आई म्हणाली. मग गळा खाकरून तिनं पुढचं एका दमात सांगून टाकलं. "पण एक सांगते. खालच्या कोपऱ्यात तुमच्या दुकानाचं नाव असतंय. त्याच्या शेजारी माझं नाव टाकलंय आज. डिझाइन, शिवकन्या, अहमदपूर. ते काढायचं न्हाई."

पलीकडं अमरनाथ हसला. "न्हाई काढत. मोठ्या अक्षरात टाकायला सांगायचं होतं."

लक्ष्मणराव निघायला उठले. दुपार टळून गेली होती, आणि घरातलं कुणीच जेवलेलं नव्हतं. आज्जीनं त्यांना हातानं थांबवलं. "उपाशी कुठं चाललात? बसा. डबा कवाच उठलाय, म्हंजी डाळ कवाच शिजली." आणि ऐटीत जाऊन तिनं कुकरचं झाकण उचललं.

आत डाळ थंडगार पाण्यात टम्म फुगून बसली होती. गॅस पेटलेलाच नव्हता.

आज्जीनं झाकण हातात धरून लॅपटॉपकडं बघितलं, मग रुद्राणीकडं, आणि कमरेवर हात ठेवला. "बघ, ह्याला गती आली खरी. पण आता डाळ शिजली का न्हाई, हे मला कळायचं कसं?"